घाईची डहाळी

बाई, परवा नाताळाला मी गावी जाऊन आलो. आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून नातवाच्या वहीतले चार कागद मागून घेऊन बसलो आहे. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी पंचाहत्तरीला टेकलो, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे आलो. इथे नागपूरजवळ वाडीला मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीखाली दिवसभर ट्रक मागेपुढे होत असतात, गोदामांची शटरं वरखाली होत असतात, आणि त्या गोंगाटात मी चौथीपासूनच्या मराठीच्या पुस्तकांतल्या कविता ओळीने मनात म्हणत बसतो. सगळ्या येतात अजून, चालीसकट येतात. कोणत्या कवितेला तुम्ही टेबलावर बोटांनी ताल धरायच्या आणि कोणत्या कवितेला खिडकीबाहेर बघत राहायच्या, तेही आठवतं. घरातले म्हणतात, बाबा पुटपुटायला लागले. म्हणोत. पण आज कवितांबद्दल लिहायचं नाही, त्याच्याबद्दल लिहायचं आहे. कुणाबद्दल ते तुम्हाला कळलंच असेल. आमच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, तुमचा लाडका. पंचावन्न वर्षं मी त्या माणसाचा हेवा करत आलो आहे. वाटलं होतं, आता दोघेही म्हातारे झालो, वाळून गेला असेल तो हेवा. परवा त्याला पाहिलं तर सकाळी सारवलेल्या ओट्यासारखा ओला.

नाताळची मिरवणूक आता तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही सुरू केलीत तेव्हा गावात ख्रिस्ती घरं अकरा आणि ट्रॅक्टर एकच, आमचा. मागे सहा बंड्या, बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा, आणि एका बंडीवर चांदीच्या कागदाचा तारा धरून बसलेला तुमच्या वर्गातला सगळ्यात लठ्ठ मुलगा, कारण बंडी हलली तरी तो हलत नसे. परवा मी मोजले, सतरा ट्रॅक्टर होते. ठिबकच्या नळ्या वाकवून केलेले तारे, त्यांच्यात लुकलुकणारे दिवे, कपाशीच्या बोंडांच्या तोरणांनी मढवलेले मडगार्ड. एकानं तर बागेत फवारणी करायचा ब्लोअर जोडून आणला होता आणि त्यातून साबणाचा फेस उडवत होता, बर्फ म्हणून. म्हाताऱ्या बाया पदर झटकत होत्या आणि पोरं त्या फेसात नाचत होती. पण पहिल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अजूनही फक्त एक लाकडी गव्हाण असते, आणि ती अजूनही रिकामी निघते. दरेक दारापुढे ट्रॅक्टर थांबतो, भोंग्यातून त्या वर्षाची ओवी म्हटली जाते, तुम्ही गेल्यापासून ती तोच जुळवतो, घरातलं माणूस दार उघडून मूठभर कुटार घेऊन येतं आणि गव्हाणीत टाकतं. चर्चपर्यंत गव्हाण भरते, मग तिच्यात बाळ ठेवायचं. तुम्ही म्हणाला होतात, बाळाला निजायला जागा साऱ्या गावानं करायची. कुटार सगळ्यांच्या गोठ्यात असतं, कुणाला विकत आणावं लागत नाही. तुम्ही नगरकडच्या. तुमच्याकडे त्याला भुसा म्हणत. पण ओवीत तुम्ही आमचा शब्द घेतलात, आणि आमच्या घरी सत्यनारायण व्हायचा, त्याच्या घरी बुद्धवंदना व्हायची, तरी नाताळच्या सकाळी सगळ्यांची दारं त्या शब्दाला उघडायची.

ज्या वर्षी सगळं घडलं त्या वर्षीचं तुमचं स्वयंपाकघर मला आत्ता इथे दिसतंय. चुलीवर कढई आहे, तुम्ही करंज्या तळताय, झारा कढईत आणि मन ओवीत, त्यामुळे दोन करंज्या काळ्या झाल्यात. पहिली दोन वर्षं ओव्या तुम्ही स्वतः म्हणत होतात. त्या वर्षी तुमचा घसा बसला तो बसलाच, काढे झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, आवाज काही फुटेना. म्हणून तुम्ही आम्हा दोघांना बोलावून घेतलंत. मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती, घरच्या संत्र्याच्या बागेत ओलित, म्हणजे पाणी द्यायचं काम, बघत होतो. तो आठवीतून शाळा सोडून आमच्याकडे ट्रॅक्टरवर लागला होता. त्याला तुम्ही बोलावलंत ते ट्रॅक्टर तो चालवतो म्हणून, अशी माझी समजूत. मी मात्र घरून अंघोळ करून, भांग पाडून आलो होतो. शाळेतलं पाठांतराचं बक्षीस चार वर्षं ओळीनं माझं होतं. तुमच्या वर्गात मोठ्यानं कविता वाचायची वेळ आली की सगळी मुलं माझ्याकडे बघायची. तुमचा आवाज गेला तर तो दुसऱ्या कुणाकडे जाईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुम्ही ओवी घोगऱ्या आवाजात दोनदा म्हणून दाखवलीत. कागदावर लिहून द्या म्हटलं तर नाही म्हणालात. कवींच्या कविता तुम्ही एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत इतक्या देखण्या अक्षरात उतरवून ठेवायच्या, पण स्वतःची ओळ कधी लिहिली नाहीत. म्हणायच्या, माझं काय लिहायचं, एका नाताळाची ओवी दुसऱ्या नाताळाला नाही. मग तुम्ही एक अजब परीक्षा घेतलीत. आम्हाला अंगणात उभं केलंत, स्वतः आत गेलात आणि दार लावून घेतलंत. म्हणालात, एकेकानं म्हणा, मी आत पाटावर बसते, मला उठावंसं वाटलं तर उठेन. आधी मी. मी म्हटली, बाई. आजही सांगतो, एक मात्रा चुकली नाही. डोळे मिटून, शेवटचा स्वर लांबवून. दार उघडलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटली. आतून झाऱ्याचा आवाज आला फक्त. मग तो म्हणायला लागला. चाल नाही, काही नाही, शेजारणीच्या दारात उभा राहून ताक मागावं तसा. तिसऱ्या ओळीवर कडी वाजली आणि तुम्ही दारात उभ्या होतात, आणि तुमच्या मुठीत खरोखर कुटार होतं. ते तुम्ही केव्हा घेऊन ठेवलं होतं देव जाणे.

नंतर मला एकट्याला तुम्ही थांबवून घेतलंत. "तू फार सुंदर म्हणतोस," तुम्ही म्हणालात. "तू म्हणतोस आणि आम्ही ऐकतो. तो म्हणतो तेव्हा माणूस उठतो. राग धरू नकोस रे." मी राग धरला. तुम्ही माझ्या हातात चार करंज्या दिल्यात आणि एक कामही दिलंत, ट्रॉलीवर कमान करायचं. पानं आणि झेंडू, एवढंच सांगितलं होतंत. करंज्या मी वाटेत गाईला घातल्या. घरी आईनं भाकरी थापता थापता विचारलं, काहून गा, बाईले साऱ्या गावात तोच भेटला का? त्या 'तोच'मध्ये काय काय होतं, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. मी ताट ओढून जेवायला बसलो. पण ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तेव्हा मी ठरवलं की कमान अशी करायची की लोकांनी भोंग्याकडे लक्षच देऊ नये. नुसत्या पानांची कमान कोण बघणार? फळं हवीत, संत्र्यांनी लगडलेली. पण आंबिया बहार तोडून नागपूरच्या मंडीत जाऊन महिना झाला होता. झाडावर होता तो मृग बहार, हिरवागार, पिकायला अजून दोन महिने. मी पोळ्यासाठी आणलेला गेरू गोठ्याच्या कोनाड्यातून काढला, पाण्यात कालवला, मृगाच्या डहाळ्या भरल्या फळांसकट तोडल्या आणि एकेक हिरवं संत्रं चिंधीनं रंगवलं. सत्तरेक तरी असतील. संध्याकाळच्या उजेडात इतकी खरी दिसली की मीच फसलो. कमान बांधून ट्रॉली अंगणात उभी करून मी झोपायला गेलो. डिसेंबरातलं दंव आमच्याकडे कसं पडतं हे संत्र्याच्या घरात वाढलेल्या मला कुणी सांगायला हवं होतं का? पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

सकाळी धुकं इतकं की पुढचा बैल दिसत नव्हता. त्यामुळे कमान कुणाच्या नीट लक्षात आली नाही. तुम्ही पांढरं पातळ नेसून गव्हाणीपाशी बसलात, बरोबर कमानीखाली. तो स्टिअरिंगवर, माईक समोर तारेनं लटकवलेला. पाटलाच्या बोळात चाकोरीत ट्रॉलीला पहिला हिसका बसला आणि वरून टपटप टपटप गेरू गळायला लागला. तुमच्या पातळावर, गव्हाणीच्या काठावर, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. पहिल्याच दारात एक म्हातारी मुठीत कुटार घेऊन उभी होती, ती बघतच राहिली. म्हणाली, काहून गा, तुमच्या संत्र्याईले घाम फुटला का? बंड्यांवरचे सगळे फिसफिसायला लागले. मी मागच्या बंडीत होतो, आणि मला तिथेच चाकाखाली जावंसं वाटत होतं. त्यानं वर बघितलं, सदऱ्याकडे बघितलं, आणि माईक तोंडाशी ओढून म्हणाला, "घाम नाही वं माय. देव जन्माले येऊन राहिला, तं याईले घाई झाली. रातभरात पिकाले निघाले होते बिचारे."

हसू फुटलं. पण टिंगलीचं राहिलं नाही ते, मायेचं झालं. म्हातारीनं एका संत्र्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. पुढच्या दारापर्यंत गोष्ट आमच्या आधी पोचली होती, दारोदार लोक विचारत होते, घाईची संत्री कोणती ती दाखवा. तुम्ही गेरूनं माखलेल्या पातळात हसत बसला होतात. माझ्या कमानीकडे त्या दिवशी साऱ्या गावानं बघितलं, बाई, आणि सगळ्यांनी ती त्याच्या शब्दांतून बघितली.

चर्चच्या अंगणात सगळं आटपल्यावर मात्र तुमचं हसू मावळलं. फराळाचं ताट बाजूला सारून तुम्ही विचारलंत, देवाच्या गाडीवर खोटं पिकलेलं फळ लावायची अक्कल कुणाची? त्याचे तळहात तांबडे होते. आदल्या दिवशी त्यानं ट्रॉलीच्या चाकांवर गेरूची नक्षी काढली होती, पोळ्याला बैलांच्या अंगावर काढतात तशी. तुम्ही त्या हातांकडे बघितलंत. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. फार वेळ नाही, पापणी मिटायला लागतो तेवढाच. मग स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाला, चुकलं बाई. आणि मी उभा होतो. माझ्या नखांत गेरू होता, मी हात खिशात घातले होते. एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही, आणि तुम्ही असेपर्यंत कधीच निघाला नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितो आहे. तो गेरू माझा होता.

आता त्या गप्प राहण्यातून मला काय मिळालं ते ऐका. वडिलांना तोडलेल्या डहाळ्या दिसल्या. ऐन वाढीतली फळं. ते गरजले, आणि गावभर ज्याचं नाव झालं होतं त्यालाच त्यांनी पंधरा दिवस ट्रॅक्टरवर बसू दिलं नाही. तेव्हाही मी ओट्यावर बसून होतो. तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही त्याला घरी बोलावलंत. म्हणालात, रिकामा बसण्यापेक्षा हे वाच. आणि ती निळ्या पुठ्ठ्याची वही त्याला दिलीत. बाई, त्या वहीकडे मी सातवीपासून बघत होतो. तुमच्या टेबलावर असायची तेव्हा मी तिच्या कडेला हात लावून यायचो. मला वाटायचं, एक दिवस तुम्ही म्हणाल, ही घे, तुझ्यासारखं वाचणारं दुसरं कोण आहे. ती वही आठवी सोडलेल्या माणसाच्या घरी गेली, आणि गेली ती माझ्यामुळे, मी गेरू लावला आणि गप्प बसलो म्हणून. तो रोज संध्याकाळी यायचा आणि तुमच्या ओसरीवर बसून अडखळत वाचायचा. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो. तुम्ही त्याच्या चुका सुधारत असायच्या. माझी कधी चूकच होत नसे, त्यामुळे माझ्याजवळ असं बसायची तुमच्यावर वेळ आली नव्हती. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.

पुढच्या नाताळाला पोरांनी हट्ट धरला, घाईची संत्री पाहिजेत. तुम्ही आधी नको म्हणालात, मग एक डहाळी चालेल म्हणालात, एकच, आणि ती बागवाल्यानं स्वतःच्या हातानं दिलेली. तेव्हापासून पहिल्या ट्रॅक्टरवर मृगाची एक हिरवी डहाळी असते, गेरू लावलेली. लोक तिला घाईची डहाळी म्हणतात. गेरूचा थेंब अंगावर पडला तर वर्ष चांगलं जातं म्हणतात. मी तोवर गाव सोडलं होतं. वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कारकून झालो, ट्रकांतल्या मालाच्या बिल्ट्या लिहिल्या, लग्न झालं, इथलाच झालो. लोकांना सांगितलं शिक्षणाचा उपयोग व्हावा म्हणून आलो. उपयोग काय व्हायचा होता, ट्रकांवरच्या शेरोशायरीत मात्रा मोजायचो. पण खरं म्हणजे मला तो ट्रॅक्टर, तो भोंगा आणि तुमच्या ओसरीवरची ती दोन डोकी बघवत नव्हती. सुट्टीत आलो की तुम्ही विचारायच्या, नवीन काही वाचलंस का? मी सांगायचो, आणि तुमचे डोळे दाराकडे असायचे, त्याची यायची वेळ झाली असायची. असं मला तरी दिसायचं. तुम्ही गेलात त्याचं पोस्टकार्ड मला चौथ्या दिवशी मिळालं. अक्षर त्याचं होतं. तुमच्या अक्षरासारखंच वळणदार झालेलं, वही गिरवून गिरवून. मी रडायच्या आधी ते अक्षर बघून जळलो.

या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन आला. म्हणाला, "या वर्षी येच गा. माहा दम पुरत नाही आता. ह्या नाताळाले शेवटचं म्हणतो." मी हो म्हटलं आणि महिनाभर आरशापुढे उभा राहिलो. तुमच्यापासून काय लपवायचं? मला वाटलं, तो मला बोलावतो आहे ते माईक द्यायला. दुसरं कारणच काय असणार? तुमच्या तोंडून ओवी शिकलेले आम्ही दोघेच उरलो आहोत. मी पांढरी टोपी इस्त्री केली. काटोलवरून एसटीनं जाताना घसा गरम राहावा म्हणून मफलर बांधून बसलो, कंडक्टरशीही बोललो नाही. उतरलो तर तो स्टँडवर घ्यायला आलेला, काठी टेकत, आणि सोबत त्याची नात. शेतकी कॉलेजात शिकते, पहिला ट्रॅक्टर तीच चालवते. घरी पोचायच्या आत त्यानं सांगून टाकलं, पुढच्या वर्षीपासून हीच म्हणणार. मी म्हणालो, छान, छान. पोरगी वाकून पाया पडली. आवाज अगदी त्याचा आहे, बाई. ताक मागणारा.

सकाळी धुकं होतंच. ट्रॉलीपाशी मला उभं करून तो नातीच्या शेजारी मडगार्डवर चढून बसला, माईक हातात. पाटलाच्या बोळात पहिल्या दारापुढे ट्रॅक्टर थांबला, मागची सोळा इंजिनंही बंद झाली, लोक गोळा झाले. पोरं डहाळी हलवून गेरू अंगावर घ्यायला बघत होती. तेव्हा तो म्हणाला, "ओवी म्हणाच्या आधी एक सांगाचं राहून गेलं होतं. तुम्ही साऱ्या जनांनी ह्या डहाळीचं नाव मले देल्लं. ते माहं नाही. हा पांढऱ्या टोपीचा उभा आहे ना, यानं लावली होती पयल्यांदा. साऱ्या रात्रीची मेहनत होती याची. मी नुसता बोललो." टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर गेरूचे हात ठेवले, एका बाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. पंचावन्न वर्षं जे कबूल करायची माझी छाती झाली नाही, ते त्यानं दोन वाक्यांत करून टाकलं आणि त्यातलं पाप काढून मला नुसतं कौतुक दिलं. मी हात जोडले. आणि आत मला काय वाटत होतं सांगू? की माझी कबुलीसुद्धा ह्यानंच देऊन टाकली. तीही माझ्याजवळ राहू दिली नाही.

मग तो म्हणाला, आज बाईची पयली ओवी, जी मी म्हटली होती ती. तुमचा नियम मोडून, शेवटचं म्हणून. मला वाटतं त्या सकाळनंतर ती कुणाच्या तोंडून निघाली नव्हती.

रिती गव्हाण ही आली
उभी तुमच्या दाराशी

आणि तो थांबला. आधी मला वाटलं, दम घेतो आहे. मग त्याचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. तिसरी ओळ गेली होती. धुक्यात सगळे उभे, दारात एक सूनबाई कुटाराची मूठ धरून उभी, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या वेळी चर्चच्या अंगणात बघितलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मला ओळ येत होती, बाई. ओठांवर होती. एक पाऊल पुढे टाकून म्हटली असती तर भोंग्यातून साऱ्या गावाला माझा आवाज ऐकू गेला असता, तुमची ओळ माझ्या आवाजात. त्यासाठी तर मी महिनाभर आरशापुढे उभा होतो. पण मी बघत राहिलो. मला त्याला तसा थांबलेला बघायचा होता. एकदा तरी.

फार वेळ नाही मिळाला मला. तो हसला आणि म्हणाला, "तिसरी ओळ बाई संगं घेऊन गेल्या वं माय, चौथी तेवढी ठेवली आहे," आणि शेवटची ओळ म्हटली,

द्या हो मूठ कुटाराची

आणि ती सूनबाई डोळे पुसत पायरी उतरून आली. दारोदार तेच. दरेक दारी तो तिसऱ्या ओळीच्या जागी थांबायचा, आणि त्या थांबण्यानंच लोक दार उघडून बाहेर यायचे. गव्हाण इतकी भरली की काठावरून कुटार सांडत होतं.

दुपारी त्याच्या घरी आम्ही दोघेच ओट्यावर चहा पीत बसलो होतो. भिंतीतल्या फळीवर तुमची वही दिसत होती, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली. मी विचारलं, गेरूचं बाईंना कधी सांगितलं होतंस का. म्हणाला, त्याईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.  बशीतला चहा निवून गेला. म्हणाला, "तुले आठवत होती ना गा?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. मी म्हटलं, नाही रे, मलाही नाही आठवत. तो मान हलवत राहिला. म्हणाला, "मंग गेली म्हणाची. मले वाटलं होतं तुह्याजवळ राहील. तू कधी काही विसरत नव्हता. म्हणून तं बलावलं तुले." आणि त्या म्हाताऱ्यानं बाहीनं डोळे पुसले. बाई, तो तुमच्या एका ओळीसाठी रडत होता आणि ओळ त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून चहा पीत होती.

येताना एसटीत मी चार वेळा फोन काढला आणि चार वेळा ठेवला. आजही टेबलावर समोरच आहे. त्याच्या नातीला ओळ सांगितली तरी चालेल, ती जपेल, पुढच्या नाताळाला म्हणेल. मला सगळं कळतं. पण वही त्याच्याकडे, डहाळीचं नाव इतकी वर्षं त्याच्याकडे, तुमच्या ओसरीवरच्या संध्याकाळी त्याच्याकडे, आणि आता आवाजही त्याच्याच घरात. तुमची म्हणून माझ्याजवळ एवढी एकच ओळ आहे. ती मी कागदावरही उतरवणार नाही. हे कागद कुठे जायचे नाहीत, नातवाच्या गणिताच्या पुस्तकाखाली राहतील, तरी इथेसुद्धा लिहीत नाही.

मघापासून मनात म्हणून बघतो आहे. आधी तुमच्या घोगऱ्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला, मग माझ्या. जमत नाही. ती मला आठवते ती त्याच्याच आवाजात.